वई घालताना: जिवंत कुंपणाची कोकणी रीत

खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात काटेरी तार लवकर गंजते आणि मेलेल्या लाकडाचे खांब वाळवी खाते. जिवंत झाडांच्या वईला गंज चढत नाही, आणि नीट राखली तर ती दर पावसाळ्यात थोडी जाडच होते. मी दापोली तालुक्यात खाडीकाठी राहते. खाली नारळ-सुपारीचं आगर, मधे भाताचे कुणगे, वरच्या अंगाला कातळालगत काजू. वई घालायला मी सासऱ्यांकडून शिकले, आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामाला येणाऱ्या एका कातकरी जोडप्याकडून. आता गावात तारेचे गुंडाळे टेम्पोतून येतात आणि वई घालता येणारी माणसं थोडी उरली आहेत. म्हणून आम्ही जसं करतो तसं सगळं इथे मांडते. ज्यांना नव्यानं वाडी करायची आहे त्यांना यातून काम सुरू करता यावं, एवढी मनापासून इच्छा आहे.

आधी हद्द फिरा

लावणी ज्येष्ठात होते, पण काम सुरू होतं पौष-माघात. शेजाऱ्याला बरोबर घेऊन हद्दीवरून एकदा चालून या. झाड हद्दीच्या नेमक्या रेषेवर लावू नका. दीड-दोन फूट आत लावा. पुढे खोड जाड होतं, फांद्या पलीकडे जातात, आणि वाद तिथूनच उभे राहतात. पलीकडे गेलेला पाला कोणी तोडायचा आणि कोणी न्यायचा हेही त्याच दिवशी बोलून घ्या. आमच्याकडे पलीकडचा पाला शेजाऱ्याचा असं ठरलेलं आहे. त्यामुळे तेही वई जपतात.

फिरताना प्रत्येक बाजूला काय अडवायचं आहे ते बघा. पाणंदीच्या बाजूनं गुरं-शेळ्या येतात, तिथे त्यांच्या तोंडाला न लागणारी झाडं दाट हवीत. खाडीच्या बाजूला उधाणाचं खारं पाणी मुळांशी येतं. कातळाच्या बाजूला माती वीतभरही नसते आणि रात्री रानडुकरं उतरतात. भाताच्या कुणग्यालगत सावली नको. एकच झाड चारही बाजूंना लावणारा माणूस दोन बाजूंना तरी पस्तावतो. वानरांना मात्र कुठलीही वई अडवत नाही. त्यासाठी राखणच लागते. पुरवठादार काहीही सांगो, त्या आशेनं खर्च करू नका.

कुठे कोणतं झाड

वईत दोन तऱ्हेची झाडं लागतात. मेढी, म्हणजे अंतराअंतरावर उभे राहणारे जाड खांब, आणि मधला भरणा.

मेढीसाठी आमच्याकडे पहिला मान शेमटाला. काही गावांत याला मोई म्हणतात. मनगटाएवढी किंवा त्याहून जाड फांदी सरळ जमिनीत रोवली तरी फुटते. उन्हाळ्यात झाड पूर्ण निष्पर्ण असतं, त्यामुळे तोडायची वेळ ओळखायला सोपी. पांगाराही असाच फुटतो, शिवाय अंगावर काटे असतात आणि त्याच्यावर मिरीचा वेल चढवता येतो. फाल्गुनात लाल फुलांवर शिंजीर आणि साळुंक्या नुसत्या गर्दी करतात. पण २००५ नंतर आपल्या देशात पांगाऱ्याच्या पानांवर आणि देठांवर गाठी आणणारी एक अगदी बारीक गांधीलमाशी पसरली आहे. म्हणून सगळ्या मेढी पांगाऱ्याच्या करू नका. दोन शेमट, एक पांगारा, एक सावर असं मिसळून लावा. शेवग्याची फांदीही लगेच लागते, पण लाकूड पोचट. गुरानं टेकलं की मोडते. शेवगा परसात असू द्या, वईत नको.

खाडीच्या अंगाला भेंड. पिवळी फुलं संध्याकाळपर्यंत लालसर होतात तेच झाड. खारं पाणी सोसतं आणि त्याचे खुंट सहज रुजतात. भेंडाच्या पुढे, थेट पाण्याच्या कडेला केवडा. त्याची आधारमुळं बांधाची माती धरून ठेवतात, आणि काटेरी पात्यांतून कुणी वाट काढत नाही.

भरण्याला उंदीरमारी, मोगली एरंड आणि निरगुडी. उंदीरमारी म्हणजे कृषी खात्याच्या बोलण्यातलं गिरिपुष्प. ही मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. मोगली एरंडही अमेरिकेतूनच आलेला. सासऱ्यांच्या लहानपणी आमच्या गावात उंदीरमारी नव्हती असं ते सांगत. पण जुन्या माणसांनी तिला वाढताना पाहिलं, पाला कुजताना पाहिला, आणि आपल्या वईत तिची जागा ठरवली. पिढ्यांचं शहाणपण असंच वाढतं, आणि मला त्याचं मोल फार वाटतं. उंदीरमारी शेंगवर्गातली आहे, हवेतला नत्र मुळांच्या गाठींत धरते, आणि तिचा पाला भातखाचरासाठी उत्तम खत आहे. मोगली एरंडाला गुरं तोंड लावत नाहीत. मुलं त्याच्या चिकाचे फुगे उडवतात, उडवू द्या, पण बिया विषारी आहेत हे त्यांना लहानपणीच सांगून ठेवा. जिथे अंगणात लहान मुलं खेळतात तिथे मी निरगुडीच लावते. गुरं तीही खात नाहीत, आणि गुडघे धरले की पाला शेकायला हाताशी असतो.

कातळाच्या बाजूला घायपात, करवंद आणि सागरगोटा. रानडुक्कर वई वरून ओलांडत नाही. ते खालून नाक घालून उचकटतं. म्हणून वईचा पायथा भक्कम हवा. बाहेरच्या बाजूला घायपाताची रांग हात-दीड हाताच्या अंतरानं लावा. तिची पिल्लं आपोआप पसरून फट बुजवतात. आतल्या बाजूला करवंद. करवंदाचं बी ताजं असतानाच पेरावं लागतं, ठेवलं तर त्याची उगवणशक्ती फार लवकर जाते. वैशाखात पिकलेली करवंदं खाल्ली की बिया धुऊन सावलीत पाणी निथळू द्या आणि त्याच आठवड्यात ओल्या मातीत टाका. सागरगोट्याचं उलट. त्याचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. एका बाजूनं दगडावर घासून आतला पांढरट भाग दिसू द्या, रात्रभर भिजवा, मग पेरा. त्याच्या फांद्यांचे आकडे कपडे धरून ठेवतात, म्हणून जिथून रोज ये-जा असते तिथून तो लांब ठेवा.

शेर आणि साबर या कुंपणाला लावतात त्या चिकाच्या झाडांबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. त्यांचा चीक डोळ्यांत गेला तर आग तर होतेच, काही काळ दिसेनासंही होऊ शकतं. छाटताना चष्मा आणि हातमोजे घाला, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. चीक उडालाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुत राहा आणि डॉक्टरांकडे जा. घाटावर कोरड्या रानात शेराला पर्याय कमी असतील, पण कोकणात एवढी झाडं असताना माझ्या वईत मी शेर ठेवलेला नाही.

खुंट तोडणं

रोहिणी नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, खुंट तोडा. झाड पानाविना असतं तेव्हा सगळी शक्ती खोडात साठलेली असते. पालवी फुटायला लागल्यावर तोडलेला खुंट वरून हिरवा दिसतो, पण मुळं धरायच्या आधीच सुकतो.

मेढीसाठी सहा-सात फुटांचा, मनगटाएवढा जाड, दोन वर्षांचा तरी झालेला सरळ दांडा. भरण्यासाठी अंगठ्याहून जाड, तीन-चार फुटांचा. कोवळ्या, हिरव्या सालीच्या फांद्या घेऊ नका, त्या पहिल्या पावसात सडतात. कोयती धारदार हवी. बोथट कोयतीनं टोक चिरफळतं आणि तिथून कुज आत जाते. खालचं टोक तिरकं कापा, वरचंही थोडं तिरकं, म्हणजे पावसाचं पाणी त्यावर थांबणार नाही. वरच्या कापावर शेण आणि मातीचा गोळा दाबून बसवा.

तोडलेले खुंट लगेच लावायचे नसतात. आंब्याच्या सावलीत, बुंधा खाली ठेवून, उभे टेकवून चार-सहा दिवस ठेवा. काप सुकतो आणि चीक आटतो. उभेच ठेवा, कारण आडवे टाकले की कुठलं टोक खालचं ते विसरायला होतं, आणि उलटा लावलेला खुंट नीट वाढत नाही. कातकरी मावशी तोडतानाच खालच्या टोकाला कोयतीनं दोन आडव्या खुणा करते. घाईच्या दिवसांत त्या खुणेचा फार उपयोग होतो.

लावणी

मृगाचा पहिला पाऊस पडून जमीन वीतभर भिजली की लावायला घ्या. आर्द्रा-पुनर्वसूच्या संततधारेपर्यंत थांबू नका. तेव्हा खड्ड्यात पाणी साचून बुंधा कुजतो.

खुंट हातोड्यानं ठोकून कधीही बसवू नका. साल सोलते, आणि मुळं सालीच्या आतल्या थरातूनच यायची असतात. पहारीनं भोक पाडा. मेढीसाठी दीड फूट खोल, भरण्याच्या खुंटासाठी फूटभर. मातीत जाणाऱ्या भागावर सालीला कोयतीच्या टोकानं दोन-तीन उभे हलके ओरखडे द्या. खुंट भोकात सोडून माती थोडी थोडी टाकत काठीनं ठोसत जा. शेवटी हलवून पाहा. हलला तर पुन्हा ठोसा. वाऱ्यात हलणाऱ्या खुंटाची कोवळी मुळं रोज तुटतात, आणि माझ्या मते बहुतेक खुंट मरतात ते यामुळेच.

मेढी पाच-पाच फुटांवर. दोन मेढींच्या मधे भरण्याचे खुंट वीत-सव्वा वीत अंतरानं, पण उभे नाही, तिरके. एक डावीकडे कललेला, पुढचा उजवीकडे, म्हणजे एकमेकांना छेद देऊन त्यांची जाळी होते. जिथे दोन खुंट एकमेकांना टेकतात तिथे सुंभानं बांधा. नायलॉनची दोरी वापरू नका. खोड जाड झालं की ती सालीत रुतते आणि वरचा भाग मरतो. सुंभ वर्ष-दीड वर्षात आपोआप कुजून गळतो, तोवर त्याचं काम झालेलं असतं.

पहिली दोन वर्षं जाळीला आधार म्हणून माणग्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या बांबूच्या, चिरलेल्या आडव्या काठ्या बांधाव्या लागतात, एक गुडघ्याच्या उंचीवर आणि एक कमरेच्या. माणगा पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला घ्या. वद्य पक्षात तोडायची रीत आमच्याकडे अजून पाळतात. तोडल्यावर दोन-तीन आठवडे व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यात बुडवून ठेवा. आतलं पिठूळ सत्त्व निघून जातं आणि भुंगा कमी लागतो. दोन वर्षांनी या काठ्या कुजल्या तरी चालतं, तोवर झाडं एकमेकांना धरून उभी राहतात.

कातळावर जिथे पहार शिरतच नाही, तिथे जांभ्याच्या दगडांचा हातभर उंचीचा गडगा रचा, त्याच्या आतल्या अंगाला पालापाचोळा आणि माती ओढून उंचवटा करा, आणि त्यात घायपात-करवंद लावा. तिथे उभ्या मेढींचा हट्ट धरू नका.

विणणं आणि छाटणं

वई खरी घडते ती पुढच्या दोन वर्षांत. पहिल्या पावसाळ्यात काहीही कापू नका. गणपतीनंतर फेरी मारून मेलेले खुंट मोजा आणि त्या जागा दोरी बांधून खूण करून ठेवा, पुढच्या मृगात भरायला. पहिल्या उन्हाळ्यात बुंध्याशी वाळकं गवत आणि नारळाच्या झावळ्या पसरा.

दुसऱ्या पावसाळ्यात फुटवे बोटाएवढे होतात. ते लवचीक असतानाच वाकवून शेजारच्या खुंटाच्या मागून-पुढून ओवा. एक पुढून, एक मागून, काळजीपूर्वक. वर सरळ सुटलेला फुटवा झाडाला उंच नेतो, आणि उंच गेलेली वई खालून विरळ होते. शेळी खालूनच शिरते. म्हणून शेंडे कमरेच्या वर, छातीच्या खाली, एका पातळीत कापत राहा. जितकं वरून कापाल तितकं खालून फुटेल.

तिसऱ्या वर्षापासून छाटणी वर्षातून दोनदा. पहिली आषाढात, भाताच्या चिखलणीच्या वेळी. उंदीरमारीचा कोवळा पाला तोडून थेट खाचरात टाकतो आणि चिखलात तुडवतो. पाला मऊ असल्यानं लवकर कुजतो. शिवाय त्याच वेळी वई बुटकी झाल्यानं रोपांवर सावली पडत नाही. एका कामात दोन कामं होतात, आणि राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, रानातला ऐन-किंजळ ओरबाडायची गरज थोडी कमी होते, याचं मला विशेष समाधान आहे. दुसरी छाटणी भातकापणी झाल्यावर कार्तिकात. तिच्या जाड फांद्या चुलीला. पुढच्या वर्षीच्या खुंटांसाठी सरळ दांडे मात्र झाडावरच राखा. उंदीरमारीच्या शेंगा तडकून बी दूरवर उडायच्या आत उतरवा, नाहीतर ती रानात शिरते. फाल्गुनापासून पावसाळ्यापर्यंत बुलबुल आणि शिंपी वईत घरटी करतात. तेव्हा अडचण झालेली एखादी फांदी काढा, पण सरसकट कोयती चालवू नका. आषाढातही आधी हातानं फांद्या बाजूला करून बघा.

पांगाऱ्याची मेढ दोन वर्षांची झाली की तिच्या ईशान्येच्या अंगाला, फूटभर लांब, मिरीचे दोन वेल लावा. त्या बाजूला दुपारचं ऊन लागत नाही.

व्हाळाची कड

आगराच्या एका बाजूला आमचा व्हाळ आहे, आणि पावसाळ्यात तो कड खातो. तिथे कुंपणापेक्षा बांध हवा, आणि तोही जिवंत झाडांचाच करता येतो. मेघालयात खासी आणि जयंतिया लोक या कामात आपल्या फार पुढे आहेत. ते रबराच्या वडाची मुळं ओढ्यावरून पलीकडे नेऊन त्यांचे पूल करतात. सुपारीचं खोड उभं चिरून, पोखरून त्याची पन्हळ करतात आणि कोवळी मुळं त्या पन्हळीतून पलीकडच्या काठापर्यंत वाढवतात. मुळं जमिनीला लागली की जाड होतात, एकमेकांत गुंततात, मिसळून एकजीव होतात. पूल चालण्याजोगा व्हायला पंधरा-वीस वर्षं किंवा जास्तही लागतात, आणि त्यानंतर तो पिढ्यान् पिढ्या टिकतो. चेरापुंजीजवळच्या नोंग्रियाट गावातला दुमजली पूल त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. २०२२ साली या पुलांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आलं. सुपारीच्या चिरलेल्या खोडाची पन्हळ आपल्या आगरांतही पाणी न्यायला वापरतातच. त्याच पन्हळीतून ते झाडाला दिशा दाखवतात, हे कळल्यापासून माझा त्या लोकांविषयीचा आदर फार वाढला आहे.

आपल्या व्हाळाला पुलाची गरज नसते, कड धरायची असते. वैशाखाच्या शेवटी, पाणी तळाला असताना, कडेच्या पायाशी मोठ्या दगडांची एक रांग बसवा. तिच्या वर वाळुंज आणि उंबराचे खुंट रोवा, उतारावर काटकोनात, आणि दोन तृतीयांश मातीत. वर एक तृतीयांश एवढाच दिसावा. खुंटांच्या दोन रांगांमधे उतारावर आडवा उथळ चर खणा, त्यात वाळुंजाच्या ओल्या फाट्यांचा मांडीएवढा जाड भारा सुंभानं बांधून निजवा, खुंट्या ठोकून अडकवा आणि माती ओढा. भारा पूर्ण गाडू नका, वरची फाटी उघडी राहू द्या, तिथून फुटवे येतात. पाण्याला अगदी लागून शेरणीची झुडपं लावा. ती पुरात आडवी होतात, मोडत नाहीत, आणि पाणी उतरल्यावर पुन्हा उभी राहतात. कडेच्या माथ्यावर वाळ्याचे ठोंब चार-सहा बोटांच्या अंतरानं एका ओळीत. वाळ्याची मुळं सरळ खाली, पुरुषभर आणि त्याहून खोल जातात, आणि बाजूच्या पिकाच्या वाट्याला फारशी येत नाहीत.

उंबर किंवा वडाच्या कुळातलं काहीही विहिरीजवळ, घराच्या जोत्याजवळ, गडग्याजवळ लावू नका. जी मुळं कड धरतात तीच चिरे उचकटतात. जिथे पाण्याची वाट आधीपासून आहे तिथे वईत हातभर रुंद मोकळी जागा सोडा आणि तळाला फक्त दगड रचा. पाणी अडवलं तर ते वईसकट माती घेऊन जाईल.

बेडं

येण्या-जाण्याच्या वाटेवर बेडं लागतं. दोन बाजूंना दोन खांब, त्यांना समोरासमोर भोकं, आणि भोकांतून सरकवायच्या माणग्याच्या तीन-चार आडव्या काठ्या. हे खांब मात्र जिवंत झाडाचे करू नका. जिवंत खोड भोक भरून काढतं, दोन पावसाळ्यांत काठी सरकेनाशी होते. खैराचं किंवा किंजळाचं पक्कं लाकूड घ्या, किंवा जांभ्याचे उभे चिरे भोकं पाडून लावा. लाकूड असेल तर मातीत जाणारा भाग विस्तवावर फिरवून वरून काळा होईपर्यंत भाजून घ्या, वाळवी उशिरा लागते. सगळ्यात खालची काठी जमिनीपासून वीतभरच वर ठेवा, म्हणजे कोंबड्या जातील पण डुक्कर अडेल. सगळ्यात वरची कमरेच्या उंचीवर, डोक्यावर भारा असलेल्या बाईला एका हातानं सरकवता येईल अशी.

खुंट विकत घेऊ नका. कार्तिकात कुणाची वई छाटायची असेल ते विचारा, छाटणीला हात लावा आणि त्यांच्याच झाडांवर वैशाखासाठी चांगले सरळ दांडे राखून ठेवायला सांगा.